अंजनेरी अजून वाचायची आहे

२०२२च्या मे महिन्याच्या अखेरीस नाशिकमध्ये एक धर्मसभा भरली होती. हनुमानाचा जन्म नक्की कुठला, हे ठरवायला. आपल्या त्र्यंबकरस्त्यावरच्या अंजनेरीचा, की कर्नाटकात हंपीजवळच्या अनेगुंदीला असलेल्या अंजनाद्रीचा? आदल्याच वर्षी रामनवमीच्या मुहूर्तावर तिरुमला देवस्थानानेही आपल्या सात डोंगरांपैकी अंजनाद्री हेच जन्मस्थळ असल्याचे जाहीर केले होते, म्हणजे दावेदार तीन झाले होते. सभेत आधी आसनांवरून वाद झाला, मग शब्दाने शब्द वाढला आणि काहीही न ठरता सभा गोंधळात संपली. आता सिंहस्थ तोंडावर आला आहे आणि तोच वाद पुन्हा डोके वर काढतो आहे. सकाळी फोन उघडला की ‘नाशिकचा दडवलेला इतिहास’, ‘पाण्याखाली गेलेली नगरी’, ‘पांडवलेण्यांचे गुपित’ अशा चित्रफिती आलेल्या असतात. त्याखाली दोन फळ्या. एक म्हणते, सारे अक्षरशः घडले, पुरावे आहेत, फक्त ते लपवले गेले. दुसरी म्हणते, सगळ्या भाकडकथा, सोडून द्या.

मी नाशिकची. या दोन्ही फळ्यांत माझी माणसे आहेत, आणि दोन्हीकडची तळमळ मी जवळून पाहिली आहे. तरी मला वाटते की हा वाद चुकीच्या जागी उभा राहून घातला जातो आहे. देवाचे स्थान एकच असले पाहिजे आणि ते कागदपत्रांनी सिद्ध झाले पाहिजे, हा हट्ट आपल्या तीर्थपरंपरेला परका आहे. त्याहून मोठे नुकसान असे की या हट्टापायी आपण ज्या जमिनीसाठी भांडतो, त्या जमिनीवर खरोखर लिहून ठेवलेले मात्र वाचायचे राहते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी आपली गत झाली आहे.

नाशिकच्या माणसाला हे समजायला खरे तर एक शब्द पुरे आहे. माझी आजी पंचवटीत राहायची. रोज पहाटे ती ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणून निघायची. आमच्या बोलण्यात गोदावरी फार कमी वेळा येते, गंगाच येते. गंगाघाट, गंगापूर, गंगेला आलेला पूर. रामकुंडाशेजारी गंगा-गोदावरीचे देऊळ आहे, ते बारा वर्षांनी सिंहस्थातच उघडते. आजीने एकदा काशीयात्रा केली. तिकडून आणलेला गंगाजलाचा गडू तिने देवघरात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ‘गंगेवर’ गेली. यातली खरी गंगा कुठली, असा प्रश्न तिला आयुष्यात पडला नाही. कोणी विचारला असता तर प्रश्नच तिला कळला नसता. तीर्थाचे तर्कशास्त्र असे चालते. एक स्थान दुसऱ्या स्थानाला आपल्या पोटात घेते आणि त्याने पहिल्याचे काहीही कमी होत नाही.

बारा ज्योतिर्लिंगांचेच पाहा. आपण परळीला वैजनाथ म्हणून जातो, झारखंडचे लोक देवघरला जातात. नागनाथ आपल्याकडे औंढ्याला, गुजरातेत द्वारकेजवळ, उत्तराखंडात जागेश्वरला. भीमाशंकर पुणे जिल्ह्यात आहे तसाच आसामातही आहे. शतकानुशतके हे असेच चालू आहे आणि त्यापायी कुठल्याही देवळाची घंटा वाजायची थांबलेली नाही. सिंहस्थातही शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तात स्नान करतात आणि वैष्णव नाशिकला रामकुंडात. स्नानाच्या मानावरून साधूंमध्ये रक्त सांडल्यावर पेशवाईत ही वाटणी झाली. म्हणजे स्थानाचा वाद आपल्या पूर्वजांपुढेही आला होता आणि त्यांनी तो दोन्ही स्थाने खरी धरून मिटवला. एक खरे आणि एक खोटे ठरवून तो मिटला नसता, हे त्यांना कळले होते.

यावर समोरून येणारा पहिला आक्षेप मी मनापासून मानते. लोक म्हणतात, परंपरेला इतके हलके घेऊ नका, तिच्या पोटात खरा भूगोल असतो. अगदी बरोबर. पांडवलेण्यांतल्या शिलालेखांत ‘गोवधन’ येते, ते गाव गंगापूर रस्त्यावर गोवर्धन म्हणून आजही नांदते आहे. मध्य भारतातल्या भारहुतच्या स्तूपाला एका बाईने खांब दान दिला, तिने आपले गाव कोरून ठेवले ‘नासिक’. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षे हे नाव लोकांच्या जिभेवर टिकले. मध्ये मोगलांनी गुलशनाबाद करून पाहिले, तेही गळून पडले आणि नाशिक उरले. अशा स्मृतीला कोण नावे ठेवील?

पण ही स्मृती नेमके काय जपते आणि काय विसरते, ते सोपाऱ्याने दाखवून दिले आहे. वसईजवळ नालासोपाऱ्याला एक मोठे टेकाड होते. गावकरी त्याला बुरुड राजाचा किल्ला म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते उकरले, तर आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला आणि मध्यभागी दगडी करंडकात भिक्षापात्राचे तुकडे आणि बुद्धांच्या लहान मूर्ती. गावाने पिढ्यानपिढ्या एवढे बरोबर लक्षात ठेवले होते की इथे काहीतरी थोर आहे. काय आहे, ते मात्र पुसले गेले होते आणि त्या जागी नवी गोष्ट येऊन बसली होती. लोकस्मृती जागा घट्ट धरून ठेवते, पण त्या जागेवरची नावे बदलत जातात. बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेल्या पांडवलेण्यांचे हेच झाले, आणि अंजनेरीचे काही वेगळे झाले असेल असे मानायला आधार नाही. म्हणून ‘परंपरा सांगते तिथे खोदा’ हा सल्ला उत्तम आहे. ‘परंपरा सांगते तेच सापडेल’ ही अपेक्षा मात्र घातक. ग्रीक कवी होमरच्या काव्यावर विश्वास ठेवून जर्मन संशोधक श्लीमान १८७१ साली तुर्कस्तानात खोदायला उतरला. जागा त्याची बरोबर निघाली. पण ट्रॉयच्या युद्धाचा थर हवा या घाईत तो वरचे थर फोडत खाली गेला आणि ज्या सोन्याला त्याने प्रायाम राजाचा खजिना म्हटले ते त्या युद्धाच्या काळापेक्षा हजारेक वर्षांनी जुने निघाले. जे शोधायचे होते त्याचाच बराचसा भाग त्याच्या कुदळीने नष्ट झाला.

दुसरे असे की ग्रंथांचा आधार घ्यायचा, तर तो प्रामाणिकपणे घ्यावा लागतो. वाल्मीकी रामायणाच्या किष्किंधाकांडात जांबवान हनुमानाला त्याची जन्मकथा सांगतो. अंजना पर्वतशिखरावर फिरत होती, वायू आला, आणि तिने गुहेत पुत्राला जन्म दिला. कुठल्या पर्वताच्या गुहेत, त्याचे नाव नाही. सुंदरकांडात हनुमान स्वतः सीतेला आपली ओळख सांगतो, तेव्हा केसरी माल्यवान पर्वतावरून गोकर्णाला गेल्याचा उल्लेख येतो, म्हणून गोकर्णकरही जन्मस्थळावर हक्क सांगतात. उत्तरकांडात केसरीचे राज्य सुमेरूवर आहे. एकाच ग्रंथात ही स्थिती. ब्रह्मपुराणातल्या गौतमीमाहात्म्यात अंजनेची कथा गोदावरीच्या काठी येते, तो आपल्या नाशिककरांचा भक्कम आधार. तिरुमलेच्या बाजूने त्यांची माहात्म्ये बोलतात. झारखंडात गुमला जिल्ह्यात आंजन नावाचे गाव आहे, तिथेही लोक श्रद्धेने जातात. आता सांगा, यातले एक माहात्म्य खरे आणि दुसरे खोटे कसे ठरवणार? माहात्म्य लिहिणाऱ्याचा हेतू आपल्या नदीकाठी सगळे विश्व उभे करण्याचा होता. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून जबानी देत नव्हता, आणि आपण त्याला ओढून तिथे उभे करतो. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी तरी ही म्हण विसरू नये.

‘मग जन्मस्थळ पुराव्याने कधीच सिद्ध होत नाही का?’ होते, आणि ते कसे होते तेही पाहू. १८९६ साली नेपाळच्या तराईत लुंबिनीला अशोकाचा स्तंभ ओळखला गेला. त्यावर ब्राह्मीत स्वच्छ लिहिले आहे: ‘हिद बुधे जाते’, इथे बुद्ध जन्मले. राजा स्वतः येऊन गेला, त्याने गावाचा बली नावाचा कर माफ केला आणि उत्पन्नातला राजाचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला. जगातल्या कुठल्याही धर्मसंस्थापकाच्या जन्मस्थानाविषयी इतका जुना आणि इतका थेट लेख मिळणे अवघड. तरीही जबाबदार संशोधक त्यावरून काय म्हणतो? एवढेच, की इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या मध्यावर लोक या जागेला बुद्धाची जन्मभूमी मानत होते. अशोकाच्या आणि बुद्धाच्या मध्येही शतकाहून जास्त काळ लोटला होता. त्याच बुद्धाचे बालपण जिथे गेले ती कपिलवस्तू नेपाळातले तिलौराकोट, की आपल्या उत्तर प्रदेशातले पिपरहवा, हा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. पुराव्याच्या न्यायालयात जायचे असेल तर निकाल विरुद्ध गेला तरी मान्य करायची तयारी हवी. अंजनेरीच्या, अनेगुंदीच्या किंवा तिरुमलेच्या भक्तांपैकी कोणाची ती तयारी आहे? आणि का असावी? उद्या एखाद्याने ताम्रपट दाखवून ‘जन्म इथला नाही’ असे सिद्ध केले, तर शनिवारी पहाटे अनवाणी पायऱ्या चढणाऱ्या बाईने काय करायचे? खाली उतरायचे? तिची भक्ती ताम्रपटावर उभी नव्हती. ती ताम्रपटावर उभी करणारे लोकच तिला धोक्यात घालत आहेत.

तिसरा आक्षेप रागाचा आहे, आणि त्या रागाला कारण आहे. ‘आमचा इतिहास इंग्रजांनी लिहिला, त्यांनी तुच्छतेने लिहिला, म्हणून तो लपला.’ एकोणिसाव्या शतकातल्या साहेबी लिखाणातली ती तुच्छता मी वाचली आहे. वाचताना आजही अंगाचा तिळपापड होतो. पण नाशिकपुरते पाहिले तर या मातीतला दगड वाचला कोणी? लेण्यांतले लेख बारकाईने वाचणारे भगवानलाल इंद्रजी जुनागढचे. अंजनेरीचे ताम्रपट प्रसिद्ध करणारे वासुदेव विष्णू मिराशी कोकणात जन्मले आणि नागपुरात राहिले. १९५०-५१ मध्ये जुन्या नाशकात मातीच्या गढीत आणि संगमनेरजवळ जोर्व्याला उत्खनन करणारे सांकलिया आणि शांताराम भालचंद्र देव पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे. याच सांकलियांनी पुढे रामायणातली लंका आजच्या श्रीलंकेत नसून मध्य भारतात, जबलपूरच्या बाजूला असावी असे मांडले आणि भरपूर टीका सोसली. त्यांचे मत पटो न पटो, पण आपल्याच लोकांनी, आपल्याच ग्रंथांवर, निर्भयपणे विचार केला होता. यांचे काम कोणी लपवले नाही. ग्रंथालयात ते धूळ खात पडले आहे, कारण आपण ते मागत नाही.

आणि लपलेल्या प्रदेशांचे म्हणाल, तर बुडालेल्या खंडांच्या गोष्टी कशा जन्मतात याचे एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवायला हवे. १८६४ साली फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाला एक कोडे पडले. लेमूर नावाचे प्राणी मादागास्करात आहेत, त्यांचे जवळचे भाईबंद भारतात आहेत, पण मधल्या भूभागात ते दिसत नाहीत. त्याने तर्क केला की हिंदी महासागरात पूर्वी एक खंड असावे आणि ते बुडाले असावे. त्याला त्याने नाव दिले लेमुरिया. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे तर्क वेडगळ नव्हता. पुढे खंडे सरकतात हे सिद्ध झाले आणि बुडालेल्या खंडाची गरजच संपली. विज्ञानाने लेमुरिया सोडून दिला. पण तोवर थिऑसॉफी या गूढ पंथाच्या लोकांनी त्यावर प्राचीन मानववंश वसवले होते आणि तमिळ देशात तो कुमरीकंडम या बुडालेल्या मायभूमीशी जोडला गेला होता. एका प्राण्याचे कोडे सोडवायला कल्पिलेली जमीन लोकांच्या अस्मितेची जमीन झाली. ती आता कितीही पुरावे दिले तरी वर येणार नाही आणि खालीही जाणार नाही. अशा जमिनीचा एक मोठा फायदा असतो: ती आपल्याकडून काहीही मागत नाही. तिची लिपी शिकावी लागत नाही, तिच्या भिंती ढासळत नाहीत, तिथे कोणाला प्रवेश होता आणि कोणाला नव्हता हे विचारावे लागत नाही.

खरोखर हरवलेले देश पाहायचे असतील तर पांडवलेण्यांच्या त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या चढून तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात या. दर्शनी भागाचा भार खांद्यांवर पेललेले सहा गण खाली दिसतात. ओसरीत शिरल्यावर मागच्या भिंतीवर ओळींमागून ओळी कोरलेल्या आहेत. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, त्याची आजी गौतमी बलश्री हिने हे लेणे भद्रयानीय भिक्षुसंघाला दिले. दान देताना ती आपल्या दिवंगत मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, आठवण काढते. त्याच्या राज्यातले देश एकेक करून सांगते: असिक, असक, मुळक, सुरठ, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती. ही नावे हळू वाचा. यातला विदर्भ आज आपल्या तोंडात आहे, सुरठ सोरठ होऊन गुजरातेत राहिला. बाकीचे देश कुठे गेले? समुद्रात बुडाले नाहीत. माणसे तिथेच राहिली, नद्या त्याच, शेते तीच, फक्त नावे जिभेवरून उतरली. मुळक म्हणजे पैठणचा परिसर. पाली सुत्तनिपातात बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण असक देशात, मुळकाच्या शेजारी, गोदावरीच्या काठी राहतो आणि आपल्या सोळा शिष्यांना पैठण, महिष्मती, उज्जैन, विदिशा या वाटेने उत्तरेला बुद्धाकडे पाठवतो. हे आपल्याच गंगेचे काठ. हरवलेला देश शोधायला पाणबुडे नकोत, तो आपल्या पायाखाली आहे.

दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात बोलतो. हा शक, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने परका. तो पुष्करला जाऊन स्नान करतो, तीन लाख गाईंचे दान केल्याचे सांगतो, ब्राह्मणांना गावे देतो, डहाणू, दमण, तापी अशा नद्यांवर फुकट होड्यांची सोय करतो, शूर्पारकाच्या रामतीर्थावरच्या चरकांना, म्हणजे फिरत्या संन्याशांना, नारळाची झाडे देतो, आणि भिक्षूंसाठी हे लेणेही कोरवतो. त्याचा एक हिशेब मला फार आवडतो. गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघाकडे, त्याने दोन हजार कार्षापण नाणी ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजाने. अट अशी की मुद्दल परत द्यायचे नाही, व्याज भोगायचे. वर्षाला व्याज होते २४०, आणि लेण्यात पावसाळ्याचा वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवराच्या वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस. गणित तंतोतंत जुळते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाशिकच्या ठेवपावतीपुढे उभे राहून मी ते कागदावर मांडून पाहिले, तेव्हा अंगावर काटा आला होता. पुढे गौतमीपुत्राने या घराण्याचा पाडाव केला. बलश्री म्हणते, माझ्या मुलाने क्षहरात वंश, म्हणजे नहपानाचे घराणे, निरवशेष केला. ही आईची बढाई असे कोणी म्हटले असते, पण १९०६ साली गोदावरीकाठच्या जोगलटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. दगड आणि धातू एकमेकांची साक्ष देतात. पुरावा म्हणतात तो याला.

आता पुन्हा अंजनेरी. वर जाण्याआधी पायथ्याच्या गावात थांबले पाहिजे, आणि बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत. झाडाझुडपांत जुनी देवळे उभी आहेत, काही जैन, काही हिंदू, अकराव्या-बाराव्या शतकांतली. कोणाचे शिखर गेलेले, कोणाचा मंडप अर्धा खचलेला, चौकटीवरची नक्षी मात्र कालच कोरल्यासारखी. तिथल्या एका शिलालेखात शके १०६३ मध्ये यादव राजा सेऊणदेवाच्या काळात चंद्रप्रभ तीर्थंकराच्या मंदिराला गावातल्या दुकानांचे उत्पन्न दिल्याची नोंद आहे. दुकाने होती, म्हणजे बाजारपेठ होती. त्याआधी चारशे वर्षे, आठव्या शतकाच्या सुरुवातीला, भोगशक्ती नावाच्या राजाचे ताम्रपट याच गावात मिळाले. एकात गोपराष्ट्रातली आठ गावे नारायणाच्या पूजेसाठी दिली आहेत. दुसऱ्यात उद्ध्वस्त झालेले समगिरीपट्टण नावाचे शहर पुन्हा वसवल्याचे सांगून, तिथल्या व्यापाऱ्यांना जकात कायमची माफ केली आहे. गोपराष्ट्र! समगिरीपट्टण! ज्यांना लपलेल्या नगरींची ओढ आहे त्यांना मी हात जोडून सांगते, ही घ्या नगरी. ती का उजाड झाली, कोणी केली, परत आलेले व्यापारी कुठून आले, चारशे वर्षांनी तिथे जैन श्रावकांची दुकाने कशी थाटली? कोणी विचारतच नाही. अंजनेरीला शोधण्यासारखे एवढे असताना आपण सभेत आसनांवरून भांडतो.

‘पण जन्मस्थळ म्हणून नाव झाले तर यात्रेकरू येतील, गावाला चार पैसे मिळतील, त्यात तुमचे काय जाते?’ हा आक्षेप सगळ्यात मानवी आहे आणि तो मला गप्प करतो, कारण पायथ्याला भजी आणि चहा विकणाऱ्या बायकांची घरे त्यावर चालतात. यात्रा वाढावी, त्यांचे भले व्हावे. पण दावा जितका मोठा, तितकी सोय मोठी करण्याचा आग्रह वाढतो: वरपर्यंत रस्ता, रोपवे, वाहनतळ. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात उगवते, तिच्या शास्त्रीय नावातच हा डोंगर आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. या भागातले मोजके डोंगर सोडले तर ती कुठे सापडत नाही. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. हनुमानाने द्रोणागिरी उचलला तो वनस्पतींसाठी. त्याच्या नावाने त्याच्याच डोंगरावरची वनस्पती तुडवायची का? अंजनीमातेच्या देवळापर्यंत चालत जाणाऱ्यांनी हजार वर्षांत या डोंगराचे काही बिघडवले नाही. आणि देवळांचे भग्न अवशेष, शिलालेख, ताम्रपटांची गोष्ट गावातल्याच शिकल्या मुलामुलींनी यात्रेकरूंना सांगितली, तर गावाला मिळणारे पैसे कमी होतील की जास्त?

राहिली दुसरी फळी, ‘सगळ्या भाकडकथा’ म्हणणारी. माझे अनेक मित्र या बाजूला आहेत आणि अंधश्रद्धेविरुद्धची त्यांची झुंज मला आदराची वाटते. पण कथा नाकारली की इतिहास उरतो, हा त्यांचा समज चुकीचा आहे. कथा कधी आली, कोणी आणली, कोणाच्या तोंडी रुजली हाही इतिहासच. उषवदात एवढी तीर्थे मोजतो, त्याचे रामतीर्थ सोपाऱ्याला आहे. गोवर्धन आणि त्रिरश्मीचे नाव त्याच्या लेण्यात आहे, पंचवटीचे नाही. मग नाशिक पंचवटी कधीपासून झाले? हा प्रश्न श्रद्धेचा अपमान करत नाही, तो श्रद्धेचे चरित्र विचारतो. सीतागुंफेजवळच्या वडांवर रंगाने एक ते पाच आकडे घातले आहेत. ते पाहून हसणाऱ्याला मी विचारेन, हे आकडे घालणाऱ्याला काय जपायचे होते, याचा तुम्ही कधी विचार केला का?

खरा इतिहास दोन्ही फळ्यांना सोयीचा नाही, म्हणून दोघी त्याला टाळतात. बलश्री बौद्ध संघाला लेणे देते आणि त्याच लेखात मुलाला ‘एकबम्हण’, अद्वितीय ब्राह्मण, म्हणते, चारी वर्णांचा संकर थांबवणारा म्हणते. वर्णव्यवस्थेचा अभिमान आणि श्रमणांना दान, एकाच भिंतीवर. परका शक गोदाने करतो. सतराव्या लेण्यात धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडचा यवन म्हणवतो, म्हणजे ग्रीक वंशाचा, आणि बुद्धपूजेसाठी लेणे कोरवतो. याच गावात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. राम कुठे राहिला हे त्या दारात बसलेल्यांना विचारायचे नव्हते. रामासमोर उभे राहायला आम्हाला का बंदी, हे विचारायचे होते. बलश्रीच्या लेखातला तो वर्णसंकराचा शब्द आणि काळारामाचे ते बंद दार यांच्यात अठराशे वर्षांचा एक धागा आहे. बुडालेल्या नगरींच्या चित्रफितीत तो कधी दिसत नाही.

मागच्या हिवाळ्यात भाचीला घेऊन पांडवलेण्यांवर गेले होते. सातवीतली पोर, ब्राह्मीची चार-पाच अक्षरे शाळेच्या प्रकल्पासाठी शिकलेली. पायऱ्यांवर एक आजोबा नातवाला सांगत होते, ‘पांडवांनी एका रात्रीत कोरली बरं का.’ तिने माझ्याकडे पाहिले, मी काही बोलले नाही. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत मी तिला बलश्रीची ती ओळ दाखवली, जिथे ती म्हणते माझा मुलगा पराक्रमात राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्यासारखा होता. पुढच्या ओळींत पुन्हा नहुष, सगर, ययाती, अंबरीष या राजांच्या पंगतीत राम येतो. भिक्षूंना दिलेल्या लेण्यात, प्राकृतात, एका आईच्या तोंडी. पांडवलेण्यांत पांडव आहेत, दगडात लिहिलेले. भाचीने हात मागे बांधले, भिंतीला लागू नये म्हणून, आणि मान वर करून अक्षरे शोधू लागली. खाली किंचित वळलेली उभी रेघ म्हणजे र, तिच्या डोक्याला आडवी छोटी काना. मग तिने मागे वळून त्या आजोबांच्या नातवाला हाक मारली. तो धावत आला. दोघे बराच वेळ तिथे उभे होते, आणि तिचे बोट हवेतल्या हवेत ‘म’ काढत होते.